शरणपूरची पहाट : ईस्टरचे घरगुती रिवाज आणि त्यांचे मूळ

नाताळ हा सण आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. कागदी चांदणी, केक, लाल टोपीचा म्हातारा हे सगळं शाळेतली चिमुरडी पोरंसुद्धा सांगतील. पण “ईस्टर म्हणजे काय हो?” असं विचारलं, की गावातली जाणती माणसंही जरा थबकतात. “ती गुड फ्रायडेची सुट्टी असते, तेच ना?” एवढंच उत्तर मिळतं. मग एखादे गुरुजी, अगदी चांगल्या मनानं, वर्गातल्या ख्रिस्ती मुलाला त्या शुक्रवारच्या शुभेच्छा देऊन बसतात. पोरगं गोंधळतं. कारण तो दिवस शुभेच्छांचा नव्हे, शोकाचा आहे. शुभेच्छा द्यायच्या त्या तिसऱ्या दिवशी, रविवारी.

खरं पाहता ईस्टर हा नाताळापेक्षा जुना सण. 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्माचा दिवस पाळल्याची नोंद रोममध्ये चौथ्या शतकात मिळते. ईस्टर मात्र दुसऱ्या शतकातही पाळला जात होता, आणि तो नेमका कोणत्या दिवशी पाळावा यावर तेव्हाच वाद चालू होते. अशा या थोरल्या सणाचे घरगुती रिवाज कोणते आणि ते कुठून आले, हे आज आपण पाहू. लांब रोमला जायची गरज नाही. आपण नाशिकच्याच अंगणात उभं राहून पाहू.

नाशकात शरणपूर रस्ता आहे. आज तिथं दुकानं आहेत, दवाखाने आहेत, वाहनांची वर्दळ आहे. पण ‘शरणपूर’ या नावाचा अर्थ कितीजणांच्या ध्यानात येतो? शरण आलेल्यांचं पूर, आश्रयाचं गाव. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रजी संस्थेनं नाशकात काम सुरू केलं ते 1832 च्या सुमारास. पुढे 1854 च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यानं शहराबाहेर ही वस्ती वसवली. इथं कोण राहायला आलं? धर्म बदलल्यामुळं ज्यांना गणगोतानं दार बंद केलं होतं, ती माणसं आली. आईबाप नसलेली मुलं आली. आणि 1860 च्या सुमारास आणखी एक पाहुणा आला, तो थेट आफ्रिकेहून. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जात, त्यांतून सुटलेली मुलं मुंबईला उतरत, आणि त्यांतली कित्येक शरणपूरला येत. सुतारकी, लोहारकी, लिहिणंवाचणं इथं ती शिकली.

आता विचार करा. सण म्हटला की माणसं लागतात. मामा लागतो, आत्या लागते, आणि “अगं, असं नाही, असं करायचं” म्हणून हात धरून शिकवणारी आजी लागते. ज्याला आजीच नाही, ज्याची आजी समुद्रापार राहिली किंवा जिनं नातवाचं नाव टाकलं, त्याच्या घरी सण कोण शिकवणार? ही गोष्ट मनात ठेवा. शेवटी आपल्याला हिच्याकडेच परत यायचं आहे.

प्रथम तिथीचं कोडं सोडवू. नाताळ दरवर्षी त्याच तारखेला. मग ईस्टर का बरं पुढंमागं होतो? कारण तो चंद्रावर चालतो, आपल्या सणांसारखा. 325 साली नायसिया इथं ख्रिस्ती धर्मगुरूंची मोठी सभा भरली. सगळ्यांनी हा सण एकाच रविवारी पाळावा असं तिथं ठरलं. पुढे जो नियम रूढ झाला तो साधा आहे : 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते, तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो 22 मार्चच्या अलीकडे येत नाही आणि 25 एप्रिलच्या पलीकडे जात नाही. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली असते, त्यामुळं पंचांगापेक्षा कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. तरी पडताळा पाहा. 2023 साली हनुमान जयंती 6 एप्रिलला होती आणि ईस्टर 9 एप्रिलला. 2024 साली मात्र होळीचीच पौर्णिमा 21 मार्चच्या पुढं गेली, म्हणून धुळवड 25 मार्चला आणि ईस्टर 31 मार्चला. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर होळीच्या नाहीतर हनुमान जयंतीच्या पौर्णिमेमागून येणारा हा सण.

पण पौर्णिमाच का? याचं उत्तर ज्यू लोकांच्या सणात आहे. इजिप्तच्या गुलामगिरीतून इस्राएली लोक सुटले, त्या रात्रीची आठवण म्हणून ज्यू लोक वसंतातल्या पौर्णिमेला एक सण पाळतात. त्या रात्री त्यांनी कोकरू मारून त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं, आणि मृत्यू ती दारं ओलांडून पुढं गेला, अशी कथा आहे. मराठी बायबलात या सणाला सुरेख शब्द आहे : वल्हांडण. वलांडणं म्हणजेच ओलांडणं. येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन याच सणाच्या दिवसांत झालं, पुढं शुक्रवारी त्याला क्रुसावर चढवलं, आणि रविवारी पहाटे कबर रिकामी दिसली, असं शुभवर्तमानं सांगतात. म्हणून ख्रिस्ती लोकांचा सण वल्हांडणाच्या पौर्णिमेला बांधला गेला.

आणि गंमत अशी, की हा मूळ ज्यू सणही मराठी घरांत शतकानुशतके नांदला आहे. कोकणातले बेने इस्राएल लोक तुम्हांला ठाऊक असतील. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. वल्हांडणाला त्यांच्यात जुनं मराठी नाव होतं, त्याचा अर्थ आंबट कालवणाचं मडकं झाकून ठेवायचा सण. या आठ दिवसांत आंबवलेलं काही खायचं नाही, म्हणून मडक्याचं तोंड बंद. पोथी हाताशी नव्हती, गुरू जवळ नव्हता. पण मडकं झाकायचं हे बायका विसरल्या नाहीत. घरगुती रिवाजाची ताकद ही अशी असते.

या वल्हांडणाच्या मूळ हिब्रू नावावरून ग्रीकात ‘पास्खा’ झालं, पोर्तुगीजात ‘पाश्कोआ’ झालं, आणि त्यावरून गोव्यात आणि वसईकडे ‘पास्का’. इंग्रजांनी मात्र ‘ईस्टर’ म्हटलं. आठव्या शतकातला बीड नावाचा इंग्रज साधू लिहून ठेवतो, की हा शब्द वसंतातल्या एका जुन्या महिन्याच्या आणि त्या महिन्याच्या देवतेच्या नावावरून आला. आपल्या मराठी चर्चमधून ‘पुनरुत्थानाचा सण’ असंही म्हणतात. नावं तीन, सण एक.

आता घरात येऊ. सणाआधी उपवासकाळ असतो. राखेच्या बुधवारी तो सुरू होतो. मधले रविवार वगळले की बरोबर चाळीस दिवस भरतात. येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. पुष्कळ घरांत या काळात मांसमच्छी वर्ज्य, कुणी एकवेळ जेवतो, कुणी विडी-तंबाखू सोडतो. लग्नकार्यं पुढं ढकलतात. गोव्याचा कार्निव्हल याच्या आधल्या दिवसांत येतो, तो उगाच नव्हे. पुढं चाळीस दिवस काही मिळायचं नाही, तर आत्ताच काय ते खाऊनपिऊन घ्या! श्रावणाच्या तोंडावरची आपली गटारी अमावास्या आठवा, म्हणजे अधिक सांगायला नको.

या काळात घराघरांत ख्रिस्ताच्या दुःखाची गाणी म्हणतात. आणि इथं मराठीला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेजुइट 1579 साली गोव्याला आला, इथली भाषा शिकला, आणि त्यानं ख्रिस्ताची सारी कथा आपल्या ओवीत लिहिली. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापलं गेलं. पुराण ऐकायची सवय असलेल्या माणसाला त्यानं पुराणच दिलं.

ईस्टरच्या आधीचा रविवार तो झावळ्यांचा. येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी खजुरीच्या झावळ्यांनी त्याचं स्वागत केलं, म्हणून या दिवशी झावळ्या हाती घेऊन मिरवणूक निघते. पण आपल्याकडे सगळीकडे खजूर कुठं? मग कोकणात नारळ धावून आला. देशावर ओढ्याकाठची शिंदी आहे, आणि शिंदी ही खजुरीची सख्खी बहीण. वनस्पतिशास्त्रात दोघी एकाच कुळातल्या, एकाच वंशातल्या. पानाची पट्टी दुमडून तिचा छोटा क्रूस करतात आणि तो बायबलात नाहीतर तसबिरीमागं खोचून ठेवतात. वर्षभर तो तिथंच सुकतो. पुढच्या वर्षी हे जुने क्रूस गोळा करून जाळतात, आणि तीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लागते. गेल्या साली आनंदानं हलवलेली झावळीच यंदाची राख होते. शेतकऱ्याला हे चक्र वेगळं समजावून सांगायला नको.

मग येतो तो शुक्रवार. बारा ते तीन या भर उन्हाच्या वेळी चर्चमध्ये उपासना चालते आणि येशूनं क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात प्रवचनं होतात. घरात त्या दिवशी गोडधोड नाही, हसणंखिदळणं नाही. आता ही तीन तासांची उपासना कुठली म्हणाल? इंग्लंडची नव्हे, रोमचीही नव्हे. ती दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशातली. 1687 साली लिमा शहर भूकंपानं कोसळलं. त्या दुःखातल्या लोकांसाठी अलोन्सो मेसिया या धर्मगुरूनं ही उपासना सुरू केली. पुढे ती युरोपात गेली, तिथून इंग्रजांकडे, आणि इंग्रजांकडून आपल्या मराठी चर्चमध्ये. भूकंपात घरं गमावलेल्या माणसांची प्रार्थना आज नाशकातले लोक म्हणतात, आणि आपण कुणाचं दुःख वाटून घेतो आहोत हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकही नसतं.

शनिवार शांततेत जातो. कॅथलिक देवळांत त्या रात्री बाहेर अंधारात नवा विस्तव पेटवतात, त्यावर मोठी मेणबत्ती लावतात, आणि तिच्यावरून एकेकाची मेणबत्ती पेटत जाते. पहिल्या शतकांत याच रात्री नव्या माणसांना बाप्तिस्मा देत आणि पांढरी वस्त्रं नेसवीत. ईस्टरला नवे कपडे घालायची चाल आहे, तिचं एक मूळ हे.

आणि मग रविवारची पहाट. झुंजूमुंजू झालं की प्रॉटेस्टंट मंडळ्यांतले लोक गाणी म्हणत निघतात. कित्येक ठिकाणी ते दफनभूमीत जातात. थडगी आधीच झाडूनपुसून ठेवलेली असतात. त्यांवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि सूर्य वर येताना पुनरुत्थानाचं गाणं म्हणतात. शुभवर्तमानात आहे, की पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे गेल्या त्या बायका. रिकामी कबर प्रथम पाहिली ती त्यांनी. पण सगळ्यांनी मिळून पहाटे दफनभूमीत जायची ही रीत त्या मानानं अलीकडची आहे. 1732 साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन पंथाची तरुण मुलं ईस्टरच्या पहाटे गावच्या दफनभूमीत जाऊन गायली. तिथून ती रीत जगभर गेली. आणि हे मोरेव्हियन कोण? धर्मासाठी छळ झाला म्हणून घरदार सोडून परक्या जमीनदाराच्या आश्रयाला आलेले लोक. म्हणजे हेर्नहूट हेही एक शरणपूरच!

आता पोरांच्या आवडीचं, अंडं. ईस्टरशी अंड्याचा संबंध काय? पुष्कळजण सांगतात, अंडं ही कबरेची खूण; वरून निर्जीव, आतून जीव फुटतो. तो अर्थ सुंदर आहे. पण मागचं कारण स्वयंपाकघरातलं आहे. मध्ययुगात युरोपात उपवासकाळात अंडीही वर्ज्य असत. माणसांनी उपास धरला तरी कोंबड्यांना कोण सांगणार! त्या अंडी घालतच राहात. चाळीस दिवसांत अंड्यांचा ढीग साठे, मग ती उकडून ठेवीत, रंगवीत, आणि ईस्टरला वाटून टाकीत. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 सालच्या हिशेबात ईस्टरसाठी 450 अंड्यांचा खर्च मांडलेला आहे. ती रंगवून, सोन्याचा वर्ख लावून राजवाड्यातल्यांना वाटली. पूर्वेकडच्या चर्चमध्ये अंडी लाल रंगवतात. युरोपातल्या खेड्यांत मात्र रंगाला पैसे कुठले? तिथल्या बायका कांद्याच्या साली पाण्यात उकळून त्यातच अंडी शिजवीत. छान तांबूस रंग चढे. अहो, कांद्याच्या साली! नाशिक जिल्ह्याला याहून सोपं काय? ईस्टरच्या सुमारास तर आपल्याकडे उन्हाळ कांदा निघत असतो. ज्या घरी अंडं चालतं, तिथं हा प्रयोग पोरांकडून करून घ्यावा.

मुंबई-गोव्याकडे बदामाच्या गोड लगद्याची अंडी करतात. ती युरोपची रीत. पण बदाम महाग, म्हणून आपल्याकडे काजू वापरला. तो काजूसुद्धा पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेला. अंडी घालणारा ईस्टरचा ससा जर्मनीतला. तो दुकानांच्या काचेपर्यंत आला, पण आपल्या खेड्यांतल्या घरांत फारसा शिरला नाही. आणि जेवण? गोव्यात सान्नं आणि सोरपोतेल. आपल्याकडे देशावर कुठं मटणाचा रस्सा, तर कुठं पुरणपोळी. मटण पुढ्यात आलं की वल्हांडणाचं ते कोकरू आठवावं.

पाहिलंत ना? पौर्णिमा ज्यूंची, नाव ग्रीक, उपासना पेरूची, पहाटेची फेरी जर्मनांची, काजू ब्राझीलचा, आणि ओवी, शिंदी नि पुरण आपलं. यातलं काहीही एका घरचं नाही. म्हणूनच, ज्याला घर नव्हतं त्यालाही ते घेता आलं.

आता शरणपूरला परत येऊ. तिथं शिकलेल्या आफ्रिकी मुलांत जेकब वेनराइट नावाचा एक मुलगा होता. पुढे तो आफ्रिकेत प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या सोबत्यांत सामील झाला. 1873 साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला. सोबत्यांनी त्याचं हृदय एका झाडाखाली पुरलं, आणि त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकबनं. मग तो देह त्यांनी शेकडो कोस वाहून समुद्रकाठी आणला. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनला पुरलं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. इंग्रजी चर्चचा तो दफनविधी पुनरुत्थानाच्या आशेनंच सुरू होतो. गुलामांच्या गलबतावरून सुटलेलं पोर, नाशकात अक्षरं शिकलं, आणि परक्या रानात एका मेलेल्या माणसाचा नातलग होऊन उभं राहिलं. नातं रक्ताचंच असावं लागतं का, हा प्रश्न त्यानं आपल्यापुरता सोडवला.

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपूरला जन्म, माहेर कमालीच्या सोवळ्याचं. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी आपलं सोवळं सांभाळूनच राहात. माणसामाणसांत असा भेद का, हा विचार मनात शिरला आणि एकेक बंधन गळत गेलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1936 साली नाशकातच त्या वारल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे, की टिळकांच्या घरात अनाथ मुलं, आजारी माणसं, वाट चुकलेले यांचा राबता असे. टिळकांनी मराठी चर्चला अभंग दिला, भजन दिलं, कीर्तन दिलं. सण पाळायला आपली भाषा आणि आपली चाल सोडावी लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

म्हणून मला वाटतं, ईस्टरच्या पहाटेच्या त्या फेरीत फार मोठा अर्थ भरला आहे. एकेकटं घर आपापल्या थडग्यावर फूल वाहील. पण ज्याच्या मागं कुणी नाही त्याचं काय? सगळे मिळून गेले, की थडगं कुणाचं हे कुणी विचारत नाही. ज्याची आजी दूर राहिली होती, त्याला वस्तीतली कुणीतरी म्हातारी बोट धरून नेते आणि म्हणते, “हे घे फूल, तिथं ठेव.” रिवाज असाच शिकवला जातो, आणि शिकवणारी त्या क्षणापासून आजी होते.

गुरुजींना आणि बाईंना एवढीच विनंती. पुढच्या वर्षी मुलांना दिनदर्शिका काढायला लावा. 21 मार्चनंतरची पौर्णिमा शोधा, पुढचा रविवार मांडा. वर्गात ख्रिस्ती मूल असलं, तर शुक्रवारी त्याला शुभेच्छा देऊ नका, सोमवारी मात्र जवळ बोलवा आणि विचारा, “काल तुमच्याकडे काय केलंत रे?” ते सांगू लागेल. बाकीची पोरं ऐकतील. वर्गात एका घरची गोष्ट सगळ्यांची होऊन जाईल, आणि ते मूल दुसऱ्या वर्षी आपणहून सांगायला येईल.